'खरा बॅटमॅन' कोणता हे परस्पर ठरवणाऱ्या आपल्या मंडळाच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रिय संयोजक मंडळी, आणि मीटिंगमध्ये त्या यादीसाठी हात वर केलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

या वर्षीच्या बॅटमॅन मॅरेथॉनचं पत्रक परवा हातात पडलं. १९८९, १९९२, २००५, २००८, २०१२ आणि २०२२ असे सहा पिक्चर, सकाळी सुरू होऊन पार रात्री उशिरा संपणार. इथपर्यंत आनंदच झाला. मग वरचं नाव वाचलं, 'खरा बॅटमॅन'. आणि तळाला बारीक अक्षरात एक ओळ, 'बालिश व कॅम्पी चित्रपट वगळण्यात आले आहेत'. म्हणजे १९६६ चा, ॲडम वेस्ट बॅटमॅन झालेला पिक्चर नाही, १९९५ चा नाही आणि १९९७ चाही नाही.

खरं सांगते, गप्प बसायचं ठरवलं होतं पण नाही जमलं. तुमच्यापैकी दोघांशी आधी समोरासमोर बोलले. एकाने सांगितलं वेळ नाहीये, दुसऱ्याने सांगितलं अगं लोक हसतील, मंडळाचं हसं होईल. वेळेचं कारण तर टिकतच नाही, कारण १९६६ चा पिक्चर पावणेदोन तासांचा आहे आणि २०२२ चा जवळजवळ तीन तासांचा, त्या तीन तासांसाठी जागा सापडली तर या पावणेदोन तासांसाठीही सापडली असती. 'लोक हसतील' याबद्दल मात्र मला बोलायचंय आणि चारचौघांत बोलायचंय, कारण हा वाद काही आपल्या मंडळापुरता नाहीये. सुपरहिरोचे दोन फॅन जिथे म्हणून एकत्र बसतात तिथे हा विषय निघतोच, की बाबा सुपरहिरोचा पिक्चर गंभीर असावा का भडक, रंगीत, नाटकी असावा, ज्याला आपण कॅम्पी म्हणतो तसा. वाद असू दे, मला आवडतो हा वाद. पण तुम्ही वाद न घालताच निकाल लावून टाकलात आणि तो छापून वाटलात.

आधी माझं यात काय अडलंय ते सांगते. मी सहा-सात वर्षांची असताना १९६६ चा पिक्चर पहिल्यांदा बघितला, मोठ्या भावाबरोबर, घरातल्या छोट्या टीव्हीवर. तो विनोदी आहे हे मला कळलंच नव्हतं. हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकलेल्या बॅटमॅनचा पाय शार्कने धरलाय, त्याचा जोडीदार रॉबिन शिडीवरून उलटा वाकून शार्क पळवायचा स्प्रे देतोय, आणि मी भावाचा दंड इतका घट्ट पकडलेला की त्याला वळ उठले. तो पोट धरून हसत होता आणि मी रडायच्या बेतात होते. एकाच सीनला, शेजारी शेजारी बसून. पिक्चर संपल्यावर मी उशीचा अभ्रा गळ्यात बांधून घरभर पळत होते आणि तो मला गाण्याचं तोंडी म्युझिक देत होता. मी या सगळ्या जगात आले ती त्या दिवशी आले.

२००८ चा पिक्चर आला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. थिएटरात जाऊन तीन वेळा बघितला, हीथ लेजरचा जोकर बघून झोप उडाली होती, आणि त्यानंतरची काही वर्षं मी अगदी तुमच्यासारखीच बोलायचे. जुन्या बॅटमॅनचा विषय निघाला की नाक मुरडायचं. दोन-तीनदा तर मी तो कधी बघितलेलाच नाही असं चक्क खोटं सांगितलं, कारण समोरचे सगळे सिरियस फॅन होते आणि मला त्यांच्यात बसायचं होतं. एकदा भावासमोरच असं बोलले, तो काहीच म्हणाला नाही, नुसता बघत राहिला माझ्याकडे. ते मला अजून टोचतं. म्हणून ती तळाची बारीक ओळ वाचल्यावर मला राग यायच्या आधी ते खोटं आठवलं. आपण जे मनापासून बघितलं त्याची आपल्यालाच लाज वाटायला लावणारी ही ओळ आहे, आणि नव्याने येणाऱ्या पोरापोरींना तुम्ही पहिल्याच दिवशी ती लाज शिकवणार आहात.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली तक्रार नावाबद्दल. खरा बॅटमॅन म्हणजे कधीचा? मे १९३९ च्या कॉमिकमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा अंधारातला, कठोर, सुरुवातीच्या काही गोष्टींत तर त्याच्याकडे पिस्तूलसुद्धा होतं, जे तुमच्या यादीतल्या एकाही बॅटमॅनला चालणार नाही. एक वर्ष व्हायच्या आत, एप्रिल १९४० मध्ये, लाल-हिरव्या-पिवळ्या कपड्यातला रॉबिन आला आणि सगळा रंगच बदलला. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गदारोळ झाला, कंपन्यांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली, आणि मग बॅटमॅन परग्रहावर जायला लागला, १९५७ च्या एका गोष्टीत तर तो रोज वेगळ्या रंगाचा ड्रेस घालून फिरतो, पार इंद्रधनुष्यासारखा. १९५९ मध्ये त्याचा एक बुटका, जादू करणारा चाहता आला, बॅट-माइट. हे सगळं १९६६ च्या, ॲडम वेस्टच्याच टीव्हीवरच्या मालिकेच्या आधीचं आहे. म्हणजे १९६६ मध्ये ॲडम वेस्टने येऊन एका गंभीर माणसाचं माकड केलं ही जी गोष्ट तुम्ही सांगता ना, ती चुकीची आहे. मालिका बनवणाऱ्यांनी तेव्हाच्या कॉमिक्समध्ये जे होतं तेच पडद्यावर आणलं, फक्त ते किती वेडं आहे याची त्यांना पूर्ण जाणीव होती. पुढे १९७० च्या आसपास लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी त्याला परत रात्रीत नेलं, १९८६ मध्ये फ्रँक मिलरने आपल्या कॉमिकमध्ये आणखी काळोखात नेलं, आणि त्यातूनच तुमच्या यादीतले बरेचसे पिक्चर आले. मला तेही खरेच वाटतात. पण हा माणूस जवळजवळ नव्वद वर्षं सारखा रंग बदलत आलाय आणि तुम्ही त्यातला एक रंग उचलून त्यावर 'खरा' असा शिक्का मारलाय.

दुसरी तक्रार, तुम्ही स्वतःचाच नियम पाळलेला नाहीत. १९८९ चा पिक्चर यादीत आहे, आणि असायलाच पाहिजे. पण त्यात जोकर आपली टोळी घेऊन म्युझियममध्ये शिरतो, खांद्यावरच्या टेपवर गाणं लावून नाचत नाचत चित्रांवर रंग फासतो, आणि शेवटी पँटमधून हातभर लांब नळीचं पिस्तूल काढून एका गोळीत बॅटमॅनचं विमान पाडतो. हे कॅम्पी नाही तर काय आहे? १९९२ च्या पिक्चरमध्ये पाठीला रॉकेट बांधलेले पेंग्विन शहरावर चाल करून येतात आणि त्यांचा सरदार भल्यामोठ्या पिवळ्या बदकात बसून फिरतो. १९६६ मधली बदकं (तो सीन पुढे सांगतेच) बालिश आणि १९९२ मधलं बदक कलात्मक, हे कसं ठरवलंत मला खरंच समजावून सांगा. माझा अंदाज असा आहे की १९८९ आणि १९९२ चे पिक्चर करणाऱ्या टिम बर्टनच्या पिक्चरमध्ये उजेड कमी आहे. तेवढा एकच फरक पकडून तुम्ही चाळणी लावलीय, रंग जास्त दिसला की बाहेर, अंधार दिसला की आत.

आणि त्याच १९८९ च्या पिक्चरची आणखी एक गोष्ट आठवा. बॅटमॅन म्हणून मायकल कीटनला घेतलं म्हणून फॅन लोकांनी स्टुडिओला हजारो पत्रं पाठवली होती, की हा कॉमेडी नट आहे, हा बॅटमॅनचं हसं करणार. 'लोक हसतील' हीच भीती तेव्हाही होती. आज त्याच कीटनचा पिक्चर तुमच्या यादीत पहिला आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. तुम्ही म्हणता कॅम्पी पिक्चरमध्ये काही अर्थ नसतो, नुसता आचरटपणा. मला वाटतं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी १९६६ चा पिक्चर सलग बघितलेलाच नाही, इकडून तिकडून शार्कवाला तुकडा बघितलाय. म्हणून बॉम्बचा सीन सांगते, सगळा.

बंदरावरच्या एका बारच्या वर गुंडांचा अड्डा आहे. तिथे बॅटमॅनला एक मोठा काळा गोल बॉम्ब सापडतो, वात पेटलेला. तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बाहेर पळत येतो आणि टाकायला जागा शोधतो. इकडे पळावं तर नन उभ्या, तिकडे पळावं तर बाबागाडी ढकलणारी बाई, मग भजनी बँड वाजवणारी माणसं, मग पाण्यात टाकावा म्हणून वाकतो तर होडीत एक जोडपं एकमेकांच्या मिठीत, दुसरीकडे वाकतो तर पाण्यात बदकाची पिल्लं. आणि तो थांबतो! पिल्लांसाठीसुद्धा थांबतो. वात संपत आलीय, तोंडावर वैताग, पण टाकत नाही. शेवटी बॉम्ब फुटतो, आपल्याला वाटतं गेला, तर तो पाइपांच्या मागून बाहेर येतो. मग रॉबिन त्याला विचारतो की त्या बारमधल्या फालतू दारुड्यांसाठी जीव धोक्यात घातलास? आणि बॅटमॅन त्याला अगदी शांतपणे सांगतो की पीत असतील, पण माणसंच आहेत ना ती.

लहानपणी मी या सीनला घाबरले होते, मोठी झाल्यावर हसले, आणि मागच्या वर्षी परत बघताना रॉबिनच्या त्या प्रश्नापाशी पॉज करून नुसती बसले, कारण हा प्रश्न आपण २००८ च्या पिक्चरमध्ये परत ऐकलाय. दोन बोटी, एकीत साधे नागरिक, दुसरीत तुरुंगातले कैदी, प्रत्येकीच्या हातात दुसरी बोट उडवायचं बटण. नागरिकांच्या बोटीवरचे लोक म्हणायला लागतात की ते गुन्हेगारच आहेत, त्यांनी आपली संधी गमावलीय, मग आपण का मरायचं. म्हणजे ज्यांना आपण फालतू समजतो त्यांचा जीव मोजायचा का नाही? एका पिक्चरमध्ये हा प्रश्न बदकाच्या पिल्लांशेजारी येतो, दुसऱ्यात घामाघूम चेहऱ्यांमध्ये आणि घड्याळाकडे बघत येतो, आणि दोन्हीकडे उत्तर एकच आहे, ती माणसं आहेत. २०१२ मध्ये तर बॅटमॅन परत एकदा शेवटी बॉम्ब घेऊन समुद्राकडेच निघतो, टाकायला जागा शोधत. तोच माणूस आहे हो हा! एकाच माणसाच्या या तीन गोष्टी तुम्ही एका दिवसात शेजारी शेजारी दाखवू शकत होतात, आणि त्यातली पहिलीच कापलीत.

आणि ॲडम वेस्टच्या कामाबद्दल. सिरियस ॲक्टिंग म्हणजे घोगरा आवाज आणि ओला रस्ता असं आपल्या डोक्यात बसलंय. पण कॅम्प जमवायचं तर नटाला किती गंभीर राहावं लागतं ते बघा. सोंग घेतलेल्या माणसाने मध्येच सोंग सोडून 'मलाही हे वेडगळ वाटतंय बरं का' अशी खूण प्रेक्षकांना केली की संपलं सगळं. वेस्ट तसं करत नाही. स्प्रेच्या डब्यावर शार्कचं नाव लिहिलंय, कोडी इतकी अचाट आहेत की तर्काचा पत्ता नाही, आणि हा माणूस कोर्टात साक्ष द्यावी तसा प्रत्येक शब्द बोलतो. म्हणूनच सात वर्षांची मुलगी घाबरू शकते आणि तिचा भाऊ हसू शकतो. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ मध्ये कॅम्पवर जो निबंध लिहिला, ५८ टिपणांचा, त्यात त्यांनी कॅम्प म्हणजे कृत्रिमतेवरचं, अतिरेकावरचं प्रेम असं म्हटलंय. प्रेम, टिंगल नाही. त्यांनी नकळत झालेला कॅम्प आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प असा फरकही केलाय आणि पहिल्याला वरचं स्थान दिलंय, तर त्या हिशोबाने ही मालिका दुसऱ्या प्रकारात जाईल हे मला मान्य आहे. तरी वेस्टचं काम बघताना मला प्रेमच दिसतं.

चौथी तक्रार उपकारांची आहे. तुमच्या यादीतला शेवटचा पिक्चर, २०२२ चा, त्याचा व्हिलन रिडलर. हा रिडलर कॉमिक्समध्ये १९४८ मध्ये आला, थोडा दिसला आणि नंतर वर्षानुवर्षं गायब होता. त्याला घरोघरी पोहोचवलं ते १९६६ च्या मालिकेने, फ्रँक गॉर्शिनने, त्याच्या त्या अंगावर काटा आणणाऱ्या हसण्याने. गॉर्शिनला त्यासाठी एमीचं, म्हणजे टीव्हीवरच्या मोठ्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं होतं, म्हणजे हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं त्याच्या चाळीसेक वर्षं आधी बॅटमॅनचा एक व्हिलन पुरस्काराच्या यादीत जाऊन बसला होता, आणि तो कॅम्पी होता. मिस्टर फ्रीझ हा दुसरा व्हिलन घ्या. १९५९ च्या कॉमिकमध्ये त्याचं नाव मिस्टर झीरो होतं, फ्रीझ हे नाव मालिकेने दिलं. बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल तर मालिकेच्या निर्मात्यांना नवीन मुलगी हवी होती म्हणून तयार झाली, कॉमिकमध्ये आली जानेवारी १९६७ च्या अंकात. तुम्ही ज्या गंभीर घरात राहता त्याच्या भिंती या लोकांनी उभ्या केल्यात.

ज्यांनी तुमच्या-माझ्या पिढीला सिरियस बॅटमॅन खऱ्या अर्थाने शिकवला, त्या १९९२ च्या ॲनिमेशन मालिकेच्या लोकांना हे बरोबर माहीत होतं. त्यांनी एक भाग केला, त्यात लहानग्या ब्रूस वेनचा, म्हणजे पुढे बॅटमॅन होणाऱ्या मुलाचा, एक आवडता टीव्ही हिरो असतो, ग्रे घोस्ट, आणि तो हिरो साकारणारा नट आता म्हातारा झालाय, त्या एका भूमिकेमुळे त्याला पुढे काम मिळत नाही, तो जुन्या वस्तू विकून घरभाडं भरतोय. त्या नटाला आवाज दिला ॲडम वेस्टने. स्वतः वेस्टची गोष्टही बरीचशी तशीच होती, मालिका १९६८ मध्ये बंद पडली आणि नंतर कितीतरी वर्षं त्याला बॅटमॅनशिवाय कोणी बघायलाच तयार नव्हतं. त्या भागात शेवटी बॅटमॅन त्या नटाला आपल्या गुहेत नेतो आणि दाखवतो की तिथे त्याच्या जुन्या मालिकेच्या वस्तू जपून ठेवल्यात, ही गुहाच त्याच्या अड्ड्यावरून बनवलीय. काळोख्या बॅटमॅनने रंगीत बॅटमॅनला सांगितलं की तू माझा हिरो होतास. मी हे लिहितानासुद्धा गळा दाटून येतोय. २०१७ च्या जूनमध्ये वेस्ट गेला तेव्हा लॉस एंजलिसच्या सिटी हॉलवर वटवाघळाची खूण असलेला प्रकाश टाकला होता, आणि खाली माणसं जमली होती. त्या माणसांना तुमचं पत्रक दाखवायची हिंमत आहे का आपल्याकडे?

पाचवी तक्रार छोटी आहे पण माझ्यासाठी अगदी घरची. भावाची मुलगी, माझी भाची, आता सात वर्षांची आहे आणि त्या दिवसांत माझ्याकडे असणार आहे. मी तिला मॅरेथॉनला आणायचं कबूल करून बसले होते. तुमच्या सहाच्या सहा पिक्चरना अमेरिकेत पीजी-१३ रेटिंग आहे, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांना दाखवताना आईबापांनी विचार करावा असं. चौदा-पंधरा तासांचा कार्यक्रम, वटवाघळाचा ड्रेस घातलेल्या माणसावरचा, आणि त्यात सात वर्षांच्या मुलीने बसावं असा एकही पिक्चर नाही. तिने २०२२ च्या पिक्चरचं फक्त पोस्टर बघितलं आणि मला विचारलं, आत्या, हा कधीच हसत नाही का? मी म्हटलं एक आहे हसवणारा, दाखवते. आता तिला काय सांगू?

माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवते, नाहीतर एकतर्फी होईल. सिरियस पिक्चर बघणाऱ्यांना रडके, आव आणणारे म्हणून चिडवणं बंद करा. २००८ च्या पिक्चरने मला सोळाव्या वर्षी जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याच पिक्चरने दिलेलं नाही, ते कमी लेखायची मला गरज वाटत नाही. २०१७ चा 'लोगन' हा गंभीर सुपरहिरो पिक्चर बघून मी थिएटरच्या पायऱ्यांवर बसून रडलेय. आणि १९९७ च्या पिक्चरचं समर्थन मी करणार नाही. त्यात मिस्टर फ्रीझला आजारी बायको दिलीय, जी गोष्ट ॲनिमेशन मालिकेने आधी इतक्या हळुवारपणे सांगितली होती, आणि तोच माणूस दर दोन मिनिटांनी बर्फावरचे विनोद मारतो, बॅटमॅन क्रेडिट कार्ड काढून दाखवतो, आणि सगळीकडे खेळणी विकायची घाई दिसते. दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी पुढे माफीसुद्धा मागितली. त्यानंतर आठ वर्षं बॅटमॅनचा नवा पिक्चर थिएटरात आला नाही. तो तुम्ही वगळलात तर मी भांडणार नाही, पण मग कारण सांगा की तो फसलाय, कॅम्पी आहे म्हणून काढला असं सांगू नका. फसलेला कॅम्प आणि जमलेला कॅम्प यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, जसा फसलेल्या गंभीर पिक्चरमध्ये आणि जमलेल्या गंभीर पिक्चरमध्ये असतो. १९९५ च्या बाबतीत माझंच मत अजून पक्कं नाहीये, कधी आवडतो कधी नाही, त्यामुळे त्यावर मी जोर देत नाही.

एक गोष्ट मात्र स्टुडिओवाल्यांकडून शिकण्यासारखी आहे. २००० मध्ये 'एक्स-मेन' आला तेव्हा त्यातल्या वुल्वरिनसकट सगळ्या हिरोंना काळं लेदर घातलं, आणि कॉमिकमधल्या पिवळ्या ड्रेसची पिक्चरमध्येच चेष्टा केली. वुल्वरिनने तो पिवळा ड्रेस अंगावर घालून लढायला २०२४ उजाडलं, चोवीस वर्षं, आणि तो दिसला तेव्हा थिएटरात काय आरडाओरडा झाला ते तुम्हीही ऐकलंय. २०२५ च्या सुपरमॅनला लाल चड्डी परत मिळाली, केप घातलेला कुत्रा मिळाला, आणि त्याच पिक्चरमध्ये एक देश दुसऱ्यावर चाल करून जातो, माणसं मरतात, सुपरमॅन त्यावर कळवळून वाद घालतो. दोन्ही एका पिक्चरमध्ये मावलं. ज्यांचे कोट्यवधी डॉलर लागलेत त्यांना आता भीती वाटत नाही, आणि आपल्याला आपल्या छोट्याशा मंडळात लोक हसतील म्हणून भीती वाटतेय.

तर माझं मागणं असं आहे.

'खरा बॅटमॅन' हे नाव काढा. नुसतं 'बॅटमॅन मॅरेथॉन' म्हणा, पुरेसं आहे. तळाची 'बालिश' वाली ओळ काढा आणि नवीन पत्रक द्या.

१९६६ चा पिक्चर यादीत घ्या, आणि सकाळी आठला कोणी आलेलं नसताना उरकून टाकू नका. तो २००८ च्या लगेच आधी लावा. वर्षांचा क्रम बिघडेल, बिघडू दे. बॉम्बचा सीन आणि बोटींचा सीन एकाच संध्याकाळी लोकांनी बघावा एवढंच मला हवंय, मग ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे. त्यासाठी दोन्ही झाल्यावर अर्धा तास ठेवा, आणि सूत्रसंचालन सिरियस बाजूच्या माणसानेच करावं अशी माझी उलट विनंती आहे.

पिक्चर सुरू व्हायच्या आधी माइकवरून 'आता जरा गंमत म्हणून' वगैरे काही बोलू नका. २००८ च्या आधी जसं गप्प राहता तसंच याच्याही आधी राहा.

त्या शोला लहान मुलांना येऊ द्या, आणि ती हसली, ओरडली, मध्येच प्रश्न विचारायला लागली तर कोणी शुक् शुक् करायचं नाही. ती घाबरलीच तर त्यांना धरायला आम्ही मोठी माणसं शेजारी असूच.

आणि पुढच्या वर्षीची यादी सहा जणांनी ठरवू नका, सगळ्या सभासदांना विचारा. माझ्या बाजूला मतं कमी पडली तर मी मुकाट्याने मागच्या रांगेत येऊन बसेन, पण मत विचारलं गेलं पाहिजे.

पत्रकाची दुसरी छपाई शनिवारी आहे असं कळलं. त्याच्या आधी मला काय ते सांगा. पिक्चरची डिस्क माझ्याकडे आहे, भावाने पाठवलेली, मी ती शुक्रवारी संध्याकाळी घेऊन येतेच आहे. भाचीने उशीचा अभ्रा आत्तापासूनच वेगळा काढून ठेवलाय.

तुमचीच,
गेली अकरा वर्षं मंडळाची सभासद असलेली, आणि एका सात वर्षांच्या फॅनची आत्या